१७ हजारांत नाशिक की २४ हजारांत पुणे? कार इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनमधल्यांनी सांगा

पाथर्डीफाटा_९७

नमस्कार मंडळी. कार ॲक्सेसरी किंवा ऑटो इलेक्ट्रिकच्या लाईनमधले कुणी इथे असतील तर त्यांच्याकडून सरळ उत्तर हवंय.

मी मुंबई नाक्याच्या बाजूला एका दुकानात फिटिंग करतो. अँड्रॉइड स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर, सेंट्रल लॉक, डॅशकॅम, हॉर्न, फॉगलॅम्प, गिऱ्हाईक सांगेल ते. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं. आधी हेल्पर होतो, आता अख्खी गाडी माझ्या हातात देतात. दुकानात आम्ही सहा जण. पगार १७,०००, रोख. दिवाळीला एक पगार जादा. पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही.

खर्च असा. पाथर्डी फाट्याला वन आरके आहे, भाडं ६,५००. किराणा, दूध, भाजी मिळून ५,०००, तेही बायको फार हिशोबाने करते म्हणून. गॅस आणि लाईट बिल १,६००. गाडीचं पेट्रोल १,२००. मुलीची बालवाडी १,१००. आई सिन्नर तालुक्यात गावी असते, तिला १,५००. हे सगळं १६,९०० होतं. म्हणजे घरात कुणाला ताप आला की मालकाकडून उचल, आणि उचल पुढच्या पगारातून वजा. हे चक्र काही थांबत नाही.

आता पुण्यात वाकडच्या एका मोठ्या दुकानातून २४,००० ची ऑफर आली आहे. पीएफ कापून देणार म्हणतात. काम तेच. मालकांना पगारवाढीचं विचारलं तर पाडव्याला बघू म्हणाले. बायको म्हणते जायचं तर तिघांनी जायचं, एकट्याने नाही.

या लाईनमध्ये नाशिकला पगार वाढतच नाही का? की पुण्याला जाणं हाच मार्ग आहे?

---

वाकडला_राहतो

भाऊ, मी मूळचा नाशिकरोडचा, आता पुण्यात याच लाईनमध्ये. आकडा २४ दिसतो, पण हातात किती ते बघा. बेसिक १५,००० किंवा वर धरलं तर पीएफचे १,८०० जातील, प्रोफेशनल टॅक्सचे २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २२,०००. पगार २१,००० च्या वर असल्यामुळे ईएसआय लागू होणार नाही, म्हणजे दवाखाना स्वतःचा.

वाकडला साधं वन आरके ११ ते १३ हजारांच्या खाली मला तरी सापडलं नाही. डिपॉझिट वेगळं, दलाल वेगळा. म्हणजे पगार हातात ५ हजारांनी वाढला आणि भाडं साडेपाच हजारांनी. दुकानापासून लांब घर घेतलं तर भाडं कमी होतं, पण मग पेट्रोल आणि ट्रॅफिक.

पीएफ मात्र वाया गेला असं समजू नका. तुमचे १,८०० जातात तसे मालकाचेही १,८०० येतात. त्यातले १,२५० पेन्शनकडे वळतात, बाकी तुमच्या खात्यात. ते पैसे तुमचेच आहेत. फक्त आज किराण्याला ते उपयोगी पडत नाहीत.

एकटे आलात तर कॉट बेसिसवर भागेल, पण मग नाशिकचं घर चालूच राहणार. तीन माणसांचं कुटुंब घेऊन या पगारात यायचं असेल तर मी नाही म्हणेन.

---

द्वारका_ऑटोइलेक्ट्रिक

वयाने मोठा आहे, अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

मी या धंद्यात आलो तेव्हा डायनॅमो आणि सेल्फ बांधायचं काम असायचं. पुढे टेपडेक आले, मग सीडी, मग एलसीडी, आता तुझे अँड्रॉइड. माझं द्वारकेच्या मागे छोटं गॅरेज आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. म्हणून हे जवळून बघून सांगतोय.

तुझा प्रश्न नाशिक की पुणे असा तू मांडलास. माझ्या मते तो तसा नाहीच. फिटिंग करणाऱ्याचा पगार कुठल्याही गावात एका मर्यादेपलीकडे जात नाही आणि त्याला एक कारण आहे. तुझ्या दुकानाच्या पाटीवर बघ, 'फिटिंग फ्री' लिहिलेलं असेल. बहुतेक ठिकाणी असतं. मालक नफा स्टिरिओत काढतो, कॅमेऱ्यात काढतो, सीटकव्हरमध्ये काढतो. तुझे तीन तास बिलावर शून्य रुपयांचे दिसतात. ज्या मजुरीची बिलावर ओळच नाही, तिचा पगार वाढवायला मालकाला कारण काय दाखवणार? तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही. त्याच्या वहीत तू खर्चाच्या बाजूला आहेस, एवढंच.

आणि हा नफाही आटत चालला आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला कंपनीतूनच रिव्हर्स सेन्सर लावून येणं सक्तीचं झालं. आता मधल्या मॉडेलला स्क्रीन येते, कॅमेरा येतो, वरच्याला ३६० डिग्री येतो. पूर्वी नवी गाडी शोरूममधून निघाली की सरळ आपल्याकडे यायची. आज ती मॅट आणि फिल्मपुरती येते. उरलेलं सामान गिऱ्हाईक मोबाईलवर मागवतं आणि खोकं घेऊन दारात उभं राहतं. मालकाला त्याचा राग येतो, पण मी सांगतो, तुझ्यासाठी तोच माणूस चांगला. तो फिटिंगचे पैसे वेगळे देतो. तिथे तुझ्या हाताची किंमत पहिल्यांदा कागदावर येते.

आता दुसरी बाजू. फॉल्ट शोधायचं काम. त्यात बिल जवळजवळ सगळं मजुरीचंच असतं.

मागच्या हंगामातली गोष्ट. दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले गाडी घेऊन आले. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. बॅटरी बदलून झाली होती, अल्टरनेटर तपासून झाला होता, तरी तेच. मी बॅटरीला हातही लावला नाही. बॉनेटचं आणि दाराचं लॅच पेचकसाने बंद करून ठेवलं, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. लॉक केली आणि अर्धा तास चहा प्यायलो. ही अर्ध्या तासाची थांबायची गोष्ट पोरं करत नाहीत. गाडीतले मॉड्यूल, म्हणजे छोटे कंट्रोल कॉम्प्युटर, लगेच झोपत नाहीत, त्यांना वेळ लागतो, आणि तोपर्यंत मोजलेला करंट फसवा असतो. मग फ्यूज न काढता, फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यावर मीटर मिलिव्होल्टला लावून एक-एक तपासत गेलो. ज्याच्यावर काही दिसत नाही त्यातून करंट वाहत नाही. एकावर रीडिंग दिसलं. त्या फ्यूजच्या वायरीला कुणीतरी टी-टॅप (वायर न कापता दाबून बसवायचा जोड) मारून डॅशकॅमला कायमचा सप्लाय दिला होता, तोही चिमट्यासारखा दाबलेला, तांब्याच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. तो काढला, जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवली, डॅशकॅम इग्निशनच्या लाईनवर घेतला, वेगळा फ्यूज दिला. सामान पन्नास रुपयांच्या आतलं. मी १,८०० घेतले आणि त्यांनी आनंदाने दिले, कारण त्याआधी बॅटरीवर त्यांचे सहा हजार गेले होते.

हे काम तुला येण्यासारखं आहे. तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलास. ओहमचा नियम तुला कुणी शिकवायला नको. माझ्या वेळच्या कारागिरांना वायरीचा रंग पाठ असायचा, सर्किट वाचता यायचं नाही. आजच्या गाडीत रंगावर भागत नाही. एका जोडीच्या वायरीवरून दहा गोष्टींचे संदेश जातात. बॅटरीची निगेटिव्ह काढ, ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोज, ती जोडी तिथे येते. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास यायला हवं, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० दाखवलं तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ गेलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. एवढी एक गोष्ट समजून घेतलेला फिटर मला नाशिकमध्ये मिळाला तर मी त्याला आजच्या आज २५ वर ठेवीन, आणि हे मी मनापासून लिहितोय.

पावसाळ्यात हे काम आणखी वाढतं. आमच्याकडे फिटिंगवाले जून ते ऑगस्ट रिकामे बसतात, पितृपक्षात तर कुणी नवी गाडी घेतच नाही. पण कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, पाणी जाणं, अर्थिंगला गंज चढणं, उंदराने हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) कुरतडणं, हे नेमकं तेव्हाच येतं. निफाड, पिंपळगावकडे गाड्या शेडमध्ये उभ्या असतात, शेजारी धान्य असतं. उंदराने खाल्लेला हार्नेस वायर टू वायर जोडायला अख्खा दिवस जातो आणि त्याचे पैसेही तसेच मिळतात. कंपनीचा नवा हार्नेस घ्यायचा तर किंमत ऐकूनच माणूस परत आपल्याकडे येतो.

म्हणून मला विचारशील तर पुण्याला तेच काम करायला जाऊ नकोस. जायचंच असेल तर एखाद्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा, आणि ते नाशिकमध्येही आहेत. अंबड, मुंबई-आग्रा रोड, नाशिकरोड, सगळीकडे. समजा २०,००० ला लागलास. पीएफ १,८००, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १५०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १७,८५०. आजच्यापेक्षा ८५० जास्त, हे खरं. पण बायको-पोरीला सातपूरचं ईएसआयचं हॉस्पिटल मिळतं. तुझी उचल दवाखान्यासाठीच होते असं तूच लिहिलंस. आणि तिथे कंपनीचा स्कॅनर, म्हणजे गाडीतले फॉल्ट कोड वाचायचं यंत्र, रोज हातात येतो, वायरिंगचे नकाशे बघायला मिळतात. दोनेक वर्षं तिथे काढून बाहेर पडलेला माणूस वेगळाच असतो.

एक सांगून ठेवतो. पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, ते एअरबॅगचं असतं. सीटकव्हर बसवणारी पोरं सीटखाली ते ओढतात आणि मग डॅशवर दिवा पेटतो. इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल तर ट्रेनिंगशिवाय बघायचीसुद्धा नाही. पण इलेक्ट्रिक गाडी आली म्हणून आपलं काम संपलं असं जे बोलतात ते ऐकू नकोस. तिच्यातही १२ व्होल्टची बॅटरी असते, दिवे, काचा, लॉक, हॉर्न त्यावरच चालतात.

---

सिडकोची_वहिनी

मी स्वतः या कामात नाही, आमचे हे आहेत. अंबडला एका गॅरेजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन. घरचा हिशोब माझ्याकडे असतो म्हणून लिहिते.

भाऊ, तुमचा हिशोब मी वाचला. त्यात कपडे नाहीत, सण नाहीत, पाहुणे नाहीत, मोबाईलचा रिचार्जसुद्धा नाही. म्हणजे तुम्ही १७ मध्ये राहत नाही, १९-२० मध्ये राहता, आणि वरचे उचलीतून येतात. आधी तो खरा आकडा काढा. आम्ही तो एका वहीत महिनाभर लिहून काढला होता. मग कळलं की उचल दवाखान्यासाठी कमी आणि लग्नाकार्याच्या आहेरासाठी जास्त होते. एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि जूनमध्ये शाळा, हे दरवर्षी येतं हे माहीत असून त्यासाठी बाजूला काही ठेवलेलं नसायचं. आता आम्ही दिवाळीच्या जादा पगाराला दिवाळीत हात लावत नाही. तो जूनसाठी पोस्टात जातो. दिवाळी फराळात होते, फटाक्यात होत नाही, मुलांनाही सवय झाली.

आणखी एक. तुमचे हात आणि डोळे यावर घर चालतं. डॅशबोर्डखाली उलटं पडून काम करता, यांची मान दुखून रात्री झोप लागत नसे. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, वर्षाला २० रुपये, अपघाताचं दोन लाखांचं संरक्षण. जीवन ज्योती वर्षाला ४३६ रुपये, त्यातही दोन लाख. दोन्ही १ जूनपासून ३१ मेपर्यंत चालतात, खात्यात पैसे ठेवले की आपोआप कापले जातात. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मोठ्या ऑपरेशनला पाच लाखांपर्यंत आहे, त्याचं कार्ड काढून ठेवा, गरज पडल्यावर पळापळ नको.

मी घरी ब्लाउज शिवते. सुरुवातीला महिन्याला दोन-अडीच हजार यायचे, आता त्याहून बरे येतात. तुमच्या बायकोला काही करायचं असेल तर नाशिकमध्ये ओळखीची गिऱ्हाइकं असतात, पुण्यात नव्याने सुरुवात करावी लागेल. मुलगी लहान आहे, तिला सांभाळायला गावाहून आई येऊ शकते. हे पगाराच्या आकड्यात दिसत नाही, पण दोघी घरात असल्या की एकीला काम करता येतं.

द्वारकेच्या काकांनी सांगितलं ते आमच्या घरात खरं ठरलंय. हे आधी हजेरीवर होते. स्कॅनर शिकल्यावर मालकाने पगार आणि वर चेकिंगमधला, म्हणजे फॉल्ट शोधायच्या कामातला, हिस्सा ठरवला. त्या वर्षी आम्ही उचल बंद केली.

---

आडगाव_जीपीएस

कमर्शियल गाड्यांचाही विचार करा. मी ट्रक टर्मिनलच्या बाजूला जीपीएस बसवतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या सरकारी मानकाचं लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण लागतं, टॅक्सी आणि बस दोन्हींना. शिवाय ट्रकवाले स्वतःच्या मर्जीने लावतात ते वेगळे. मला नगावर पैसे मिळतात, साध्या यंत्राला ३००, बटणांच्या वायरिंगसह असेल तर जास्त. चांगला महिना असला तर २५ पर्यंत जातं, पण पेट्रोल माझं आणि गाडी कुठे उभी असेल तिथे जावं लागतं, कधी घोटी, कधी चांदवड. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, प्रवासी गाड्यांचं काम वाढेल असं आमच्याकडे सगळेच धरून चाललेत. तरी नगावरच्या कामात घर बसवायचं तर घरात दुसरी कमाई हवी.

---

गंगापूररोड_दुकानदार

मालकाची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. माझं स्वतःचं ॲक्सेसरीचं दुकान आहे.

गाळ्याचं भाडं, लाईट, चार माणसांचे पगार, आणि समोर गिऱ्हाईक मोबाईल धरून उभं की हाच स्टिरिओ ऑनलाइन हजार रुपयांनी स्वस्त आहे. मी कुठून पगार वाढवू? हे रडगाणं नाही, महिन्याच्या शेवटी खरोखर हा प्रश्न असतो.

पण माझ्याकडचा एक मुलगा गेल्या वर्षी वहीच घेऊन आला. कोणत्या महिन्यात किती गाड्या केल्या, त्यातल्या किती परत आल्या आणि बाहेरून आणलेल्या सामानाच्या फिटिंगचे किती पैसे गल्ल्यात आले, सगळं लिहिलेलं. परत आलेल्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच. मला ते माहीतच नव्हतं, खरं सांगतो. परत आलेली गाडी मला सगळ्यात महाग पडते, कारण त्यात अर्धा दिवस जातो, पैसे मिळत नाहीत आणि गिऱ्हाईक चारचौघांत सांगतं. त्याने पगार वाढवा असं म्हटलंच नाही. म्हणाला, बाहेरच्या सामानाची फिटिंग आणि चेकिंग यातले ३० टक्के मला द्या, परत आलेली गाडी मी फुकट करीन. मी हो म्हणालो. आता पगार १८ आणि वर ४ ते ६ हजार त्याला सुटतात. मला खिशातून काही द्यावं लागलं नाही, कारण चेकिंगचे पैसे आधी आम्ही घेतच नव्हतो.

भाऊ, पाडव्यापर्यंत थांबू नका. मालकाला सीझनमध्ये विचारू नका, तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. पावसाळ्यात, दुकान रिकामं असताना बसा आणि वही समोर ठेवा.

---

पाथर्डीफाटा_९७

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला सगळं वाचून दाखवलं. वहिनींचं वाचून ती म्हणाली की रिचार्ज आणि आहेर मी लिहिलेच नव्हते, तिच्या हिशोबाने महिना १९,५०० ला जातो.

पुण्याला नाही म्हणून कळवलंय. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये बायोडाटा देऊन आलो, इलेक्ट्रिकल टेक्निशियनची जागा आहे म्हणाले. तोपर्यंत मालकांशी चेकिंगच्या हिश्श्याचं बोलणार आहे. वही आजपासून सुरू केली.

काका, दोन प्रश्न आहेत. फ्यूजवर मिलिव्होल्ट मोजून नेमका किती करंट आहे ते कसं कळतं? आणि स्कॅनर घ्यायला ४० हजार नाहीत, मुद्रा लोन काढू का?

---

द्वारका_ऑटोइलेक्ट्रिक

लोन आत्ता काढू नकोस. मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतं, ते खरं आहे आणि पुढे स्वतःचं टाकशील तेव्हा उपयोगी पडेल. पण आज स्कॅनर घेतलास तर तो मालकाच्या दुकानात वापरणार आणि हप्ता तू भरणार. हे चालणार नाही. वर्कशॉपमध्ये लागलास तर स्कॅनर तिथलाच आहे. नाही लागलास तर मालकाला म्हण, स्कॅनर दुकानाचा, चालवणारा मी, हिस्सा ठरवू. गंगापूर रोडच्या भाऊंनी लिहिलंय तसा मालक असेल तर तो तयार होईल.

स्कॅनर कोड सांगतो, फॉल्ट सांगत नाही, हेही आत्ताच ध्यानात ठेव. कोड आला की ऑक्सिजन सेन्सर, आणि पोरं सेन्सर बदलून मोकळी होतात. नव्वद टक्के वेळा आधी त्याची वायर, कपलर आणि अर्थिंग बघायचं असतं. ते मीटरनेच कळतं.

फ्यूजचं सांगतो. प्रत्येक फ्यूजला थोडा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे करंट वाहिला की त्याच्या दोन टोकांत एक-दोन मिलिव्होल्टचा फरक पडतो. १० अँपिअरचा आणि ३० अँपिअरचा यांचा रेझिस्टन्स वेगळा, म्हणून तेवढाच मिलिव्होल्ट दिसला तरी करंट वेगळा असतो. त्याचे तक्ते मिळतात, लहान आणि मोठ्या फ्यूजचे वेगळे. एक छापून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटव. झोपलेल्या गाडीचा एकूण करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. त्याच्या वर गेला की शोधायला लाग. आणि फ्यूज काढून बघायची सवय सोड. काढून परत लावला की मॉड्यूल जागं होतं आणि तुझा अर्धा तास पुन्हा सुरू होतो.

पहिली खरेदी क्लॅम्प मीटरची कर. तीन-चार हजारांत चांगला येतो, दिवाळीच्या जादा पगारातून घे, वहिनींचा सल्ला मोडून एवढा एक खर्च कर. वायर न कापता, बॅटरीच्या केबलभोवती लावून करंट बघता येतो. गिऱ्हाइकालाही दाखवता येतो आणि मग ते चेकिंगच्या पैशांना कां-कूं करत नाही. वॉरंटीतल्या गाडीवर तर वायर कापणारा माणूस लोकांना नकोच असतो. घेताना त्यावर डीसी अँपिअर आहे का ते नीट वाच, मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो का तेही विचार. स्वस्तातले बरेच नुसते एसी मोजतात, ते घरच्या वायरमनला चालतात, आपल्याला नाही.